आडवी झालेली बुलेट एकटीनं उभी कशी करायची?

ताई, तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. उंची पाच फूट दोन, वजन 54 किलो, गाडी क्लासिक 350. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना वळणावर समोरून एसटी आली. तुम्ही थांबायला गेलात, पाय टेकला तो कचीवर, आणि गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. लागलं काही नाही. पण तीनदा जोर लावूनही गाडी वीतभर उठायची आणि परत बसायची. शेवटी एका टेम्पोवाल्यानं आणि त्याच्या क्लीनरनं उचलून दिली. आता तुम्ही विचारताय, जिम लावू की ही विकून हलकी गाडी घेऊ?

दोन्ही नको. निदान एवढ्या कारणासाठी तरी नको.

माझं कराडला गॅरेज आहे, चोवीस वर्षं झाली. आमच्याकडे एनफिल्डची कुठलीही गाडी आली तरी गिऱ्हाईक तिला बुलेटच म्हणतं, म्हणून मीही तसंच म्हणतो. गॅरेजमध्ये सगळ्यात चांगली गाडी उचलणारा माणूस म्हणजे माझा हाताखालचा पोरगा. अंगानं तुमच्याएवढाच. आणि सगळ्यात जास्त फजिती कोणाची होते ठाऊक आहे? तालमीत जाणाऱ्यांची. त्यांना वाटतं हाताला काय कमी आहे, म्हणून ते हातानं उचलायला जातात.

तुम्ही लिहिलंय, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, गाडीकडे तोंड करून वाकले आणि ओढलं. शंभरातले नव्वद जण असंच करतात. मीही करायचो. सव्विसाव्या वर्षी, सामान बांधलेली गाडी, टाकी गच्च भरलेली, बरोबर चार मित्र बघत उभे. मग मागे कोण सरणार? वाकून एका झटक्यात उचलली. गाडी उभी राहिली, मी राहिलो वाकलेलाच. अशी उसण भरली की तीन आठवडे बायको मोजे घालून देत होती.

आता खरी अडचण काय आहे ते बघू. तुमच्या गाडीचं वजन पेट्रोल धरून 195 किलो. पण तुम्हाला 195 किलो उचलायचेच नाहीत. चाकं जमिनीला टेकलेलीच राहतात, गाडी त्यांच्यावर बिजागरीसारखी फिरते. जड इंजिन खाली, चाकांच्या जवळ. तुम्ही जोर लावता सीटच्या कडेला, त्याहून बऱ्याच लांब. म्हणजे तरफ झाली. ढोबळ हिशेब करायचा तर, गाडीचा गुरुत्वमध्य सीटच्या उंचीच्या साठ टक्क्यांवर आहे असं धरा. गाडी अगदी सपाट झोपली असेल तर सीटपाशी साधारण 117 किलोचा जोर लागेल. लेग गार्डवर टेकून ती 30 अंशांवर अडकली असेल तर शंभराच्या आसपास. आणि 60 अंशांपर्यंत आली की साठाच्याही किंचित खाली. सगळी लढाई पहिल्या हातभर उंचीची आहे. तिथंच तुमची गाडी तीनदा परत बसली, कारण त्याच टप्प्यात वाकलेल्या माणसाची कंबर आणि दंड सगळ्यात कमजोर असतात.

कराडच्या मार्केट यार्डात हमाल पन्नास किलोचं पोतं कसं घेतो ते एकदा उभं राहून बघा. तो पोत्याकडे तोंड करून हातानं ओढत बसत नाही. पाठ लावतो, पोतं अंगाला चिकटवतो आणि मांड्यांवर उठतो. गाडीचंही तेच. गाडीकडे पाठ करायची, बूड सीटच्या कडेला लावायचं, आणि उचलायची नाही, मागे मागे चालत न्यायची.

पण त्याच्या आधीची दोन मिनिटं जास्त महत्त्वाची.

गाडी पडली की आधी ती बंद करा: किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, मग चावी. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोल कॉकही. मग स्वतःकडे बघा. पडल्यावर अंगात इतकी धडधड असते की घोटा मुरगळलाय हे दहा मिनिटांनी कळतं. मनगटं फिरवा, घोटे फिरवा, चार पावलं चाला. पेट्रोल सांडलं असेल तर जवळपास कोणी बिडी-सिगारेट पेटवणार नाही एवढं बघा. मदतीला आलेला माणूसच बऱ्याचदा तोंडात पेटती घेऊन येतो. आणि घाटातलं आंधळं वळण असेल तर गाडी जाऊ दे, आधी वरच्या अंगाला पन्नास पावलं जाऊन झाडाची फांदी टाका, वाहनांना हात दाखवा. दगड ठेवू नका. निघताना ते काढायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही आणि रात्री दुसरा कोणी त्यावर जातो. मागून ट्रक येत असताना एकटीनं गाडीशी झटत बसायचं नाही, हे मी दहा वेळा सांगेन.

आता गाडी कुठल्या अंगावर पडली ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तुमची उजवीकडे पडली, ही सोपी बाजू. साइड स्टँड आणि गिअर डावीकडे, म्हणजे दोन्ही वर, हाताशी. पहिलं काम, साइड स्टँड पूर्ण उघडायचा. गाडी उभी होऊन पलीकडे कलली तरी स्टँडवर बसेल. दुसरं काम, गाडी गिअरमध्ये आहे का बघायचं. पडताना बहुतेक वेळा पहिल्यातच असते आणि बंद पडते. न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरचं पुढचं टोक हातानं खाली दाबा आणि दुसऱ्या हातानं मागचं चाक थोडं पुढे-मागे हलवा. टक् असा आवाज आला की पडला पहिला. गिअर नसेल तर तुम्ही जोर लावाल आणि गाडी उठायच्या ऐवजी पुढे घसरत जाईल. उजव्या बाजूला सायलेन्सर आहे हे मात्र विसरू नका. घाट उतरून आलेल्या गाडीचा सायलेन्सर हाताची साल काढतो.

डावीकडे पडली तर स्टँड अंगाखाली, गिअरही खाली. इथं नशिबानं गाडी पहिल्यात असेल तर ठीक. नसेल तर पुढचा ब्रेक बांधून टाकायचा. त्यासाठी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या उजव्या ग्रिपवर मी जुन्या ट्यूबचं दोन बोटं रुंद कापलेलं एक रबरी कडं, म्हणजे चकती, चढवून देतो, फुकट. एरवी ती ग्रिपच्या आतल्या टोकाला पडून असते. लागली की ओढून लिव्हरवर चढवायची, ब्रेक दाबलेला राहतो. उतारावर चहाला थांबतानाही कामाला येते.

तिसरी गोष्ट उतार. घाटात हे नेहमी आडवं येतं. चाकं उताराच्या वरच्या बाजूला आणि सीट खालच्या बाजूला असेल तर ती गाडी पैलवानालाही आवरत नाही, कारण तुम्ही तिला डोंगर चढवताय. अशा वेळी उचलायच्या आधी फिरवा. गाडी लेग गार्डवर किंवा फूटरेस्टवर टेकलेली असते, त्या टेकूवर ती भोवऱ्यासारखी फिरते. पुढच्या चाकाची रिम धरून थोडी थोडी ओढत चाकं खालच्या बाजूला आणा. मुरमावर, मातीवर सहज फिरते. डांबरावर चरे पडतील, पडू द्यात. सामानाच्या बॅगा उतरवा. तेरा लिटरची टाकी भरलेली असेल तर तेवढं पेट्रोलच दहा किलोच्या घरात जातं, ते काही तुम्ही ओतून देणार नाही. पण पंधरा किलोची सॅडल बॅग काढायला काय जातं? लोक आळस करतात. पट्ट्या सोडा, परत बांधा, पाच मिनिटांचं काम आहे. एक जपायचं: चाकं खाली असलेली गाडी उठते लवकर, पण उभी झाली की उताराकडे पलीकडे जायला बघते, तेव्हा शेवटचा टप्पा हळू.

आता उचलणं.

हँडल ज्या बाजूला गाडी पडली त्या बाजूला पूर्ण वळवा. उजवीकडे पडली तर पूर्ण उजवीकडे. त्यानं खालची ग्रिप मागे, टाकीजवळ येते आणि हँडल शेवटपर्यंत जाऊन अडल्यामुळे हातात डुलत नाही. मग सीटकडे पाठ करा. बूड, म्हणजे कमरेच्या खालचा, खुर्चीवर टेकतो तो भाग, सीटच्या कडेला घट्ट लावा. कंबर नाही, पाठीचा मणका तर नाहीच. गाडी उजवीकडे पडलेली असताना तुमचा डावा हात ग्रिपकडे येतो. तळवा वर करून खालून ग्रिप धरा. उजवा हात मागे, चेसिसचा एखादा पक्का नळ किंवा मागचं लोखंडी कॅरिअर धरायला. इंडिकेटर, मडगार्डचा पत्रा, सीटचं कव्हर यांना हात नको. इंडिकेटर हातात येईल आणि तुम्ही तोंडावर पडाल. डावीकडे पडली तर हात उलटे: उजवा ग्रिपवर, डावा मागे.

पाय एकमेकांपासून फूटभर लांब, बुटांखालची कच पायानं बाजूला सारलेली. गुडघे थोडे वाकलेले, पूर्ण उठाबशा काढल्यासारखं खाली बसायचं नाही. तुमच्या उंचीला ते तसंही लागणार नाही. हात सरळ ठेवा, कोपरात वाकवू नका. हात फक्त आकडे आहेत, गाडी त्यांना अडकवलेली आहे एवढंच. छाती पुढे, नजर समोर एखाद्या झाडावर. खाली बघितलं की पाठ गोल होते.

मग टाचा रोवून आधी दोन सेकंद नुसता दाब द्या. गाडी थोडी हलते, सस्पेन्शन कुरकुरतं, आणि तुम्हाला जाणवतं की ही येणार आहे. आता टीचभर टीचभर पावलं मागे टाका. झटका नाही. जुन्या वाड्याचा जड दरवाजा पाठीनं लोटतो ना, तसं. पहिली तीन-चार पावलं जीव खातात. मध्येच मांड्या थरथरायला लागल्या तर सोडू नका आणि थांबूही नका, पावलं आणखी लहान करा. अर्ध्याच्या वर आली की एकदम हलकं वाटतं, आणि बहुतेकांची चूक तिथंच होते. उत्साहात शेवटचा धक्का मारतात आणि गाडी पलीकडच्या अंगावर जाते. स्टँड उघडा असेल तर वाचलात. नसेल तर आता दोन्ही बाजूंनी चरे. डावीकडून उचलत असाल तर गाडी तुमच्या अंगावर किंचित टेकलेली ठेवा, खुबा तिला लावलेला, ग्रिपवरचा हात न सोडता हळूच वळा, मग पायानं साइड स्टँड बाहेर काढा.

दोन प्रयत्नांत आली नाही तर थांबा. पाणी प्या, पाच मिनिटं बसा. तिसऱ्या प्रयत्नात माणूस चिडतो आणि चिडला की परत वाकून ओढतो. आमच्या एका लडाखला गेलेल्या गिऱ्हाइकानं हे तिकडे चांगलंच अनुभवलं. खारदुंग ला ही तिकडची खिंड, उंची 5,359 मीटर, हवा विरळ. तिथं गाडी उचलल्यावर त्याला दहा मिनिटं बोलता येईना. इथं कराडला एका दमात होतं ते तिथं तीन दमांत करावं लागतं, आणि त्यात लाज कसली?

उंच, लांब हातापायाच्या माणसाला दुसरी एक रीत जमते. गाडीकडे तोंड करून खाली बसायचं, खालच्या ग्रिपचं टोक दोन्ही हातांनी धरायचं, पाठ ताठ, आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. हिमालयनसारख्या रुंद हँडलच्या गाड्यांना ही बरी पडते, कारण गाडी पॅनिअरवर, म्हणजे बाजूच्या सामानाच्या पेटीवर, किंवा गार्डवर अर्धी टेकलेलीच असते. तुम्हाला मी ही सांगणार नाही. तुमच्या उंचीला पाठीची रीतच सोयीची.

आता कशावर काय अवलंबून आहे तेही सांगतो. गुडघाभर चिखल, शेवाळलेली फरशी, ओढ्यातले गोटे, असल्या जागी पायच ठरत नाही, तिथं रीत कितीही बरोबर असली तरी पाय घसरून गाडी पोटरीवर येईल. लेग गार्ड नसलेली गाडी अगदी सपाट झोपते, तिला पहिला टप्पा आणखी जड जातो. लेग गार्ड बसवून घ्या, त्यानं पायही वाचतो. सुपर मीटिअर 650 सारखी 241 किलोची गाडी याच रीतीनं उठते, पण पहिल्यांदा एकटं असताना तिच्यावर प्रयोग नको. आणि ज्यांना मणक्याचा, हर्नियाचा त्रास आहे, नुकतं ऑपरेशन झालंय किंवा दिवस गेलेत, त्यांनी सरळ रस्त्याच्या कडेला बसून वाट बघावी. आपल्याकडच्या घाटात अर्ध्या तासात कोणी ना कोणी येतंच. तो टेम्पोवाला आलाच ना? त्यात कमीपणा मानू नका.

गाडी उभी झाली की लगेच स्टार्टर दाबू नका. एकदा भोवती फिरा. क्लच आणि ब्रेकची लिव्हर शाबूत आहे का, गिअर आणि ब्रेकचा पाय आत वाकलाय का, खाली तेल गळतंय का, हँडल चाकाच्या रेषेत आहे का. पुढचा ब्रेक चार वेळा दाबून बघा; लिव्हर मऊ लागली तर पुढे निघायचं नाही. तुमच्या इंजेक्शनच्या गाडीत आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चावी पूर्ण बंद करून परत चालू करा, तोवर ती सुरू होणार नाही, आणि लोक उगाच बॅटरी संपवतात. कार्बोरेटरच्या गाडीला पाच-दहा मिनिटं उभी राहू द्या, पेट्रोल फार झालेलं असतं. सुरू झाल्यावर थोडा निळा धूर आला तर घाबरू नका, एअर फिल्टरकडे गेलेलं ऑईल जळतंय. पण स्टार्टर अडकल्यासारखा वाटला, इंजिन फिरेना, तर जबरदस्ती करू नका, मिस्त्रीला फोन करा. टाकीला पोचा पडला असेल तर त्याचं दुःख घरी गेल्यावर करा.

लिव्हर तुटू नये म्हणून एक युक्ती: तिचा क्लॅम्प हँडलवर कचकचून आवळायचा नाही. हातानं जोर दिल्यावर जेमतेम फिरेल इतपतच. गाडी पडली की लिव्हर मोडायच्या ऐवजी फिरते.

म्हणजे क्रम असा: बंद करा, स्वतःकडे बघा, रस्त्याकडे बघा, उतार बघून फिरवा, गिअर आणि स्टँड, हँडल, मग पाठ.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. गाडी पडलीच का? तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, चालण्याच्या वेगाला, हँडल वळलेलं असताना तुम्ही पुढचा ब्रेक दाबलात. त्या वेगाला वळलेल्या चाकावर पुढचा ब्रेक मारला की गाडी वळणाच्या आतल्या बाजूला धपकन बसते. सीटची उंची 805 मिलिमीटर, तुमचे चवडेच टेकतात, त्यात ते कचीवर पडले. मग सावरायला वाव राहिला नाही. थांबायचं असेल तर आधी हँडल सरळ, मग मागचा ब्रेक, आणि पाय कुठं पडणार ती जागा थांबायच्या आधी बघायची. जाड तळव्याचे बूट घाला, सीटचा फोम एखादा इंच कापून घ्या, कुठलाही सीटवाला करून देतो. आणि एका मर्यादेपलीकडे गाडी कलली की तिला धरून ठेवू नका. सोडा, पाय बाजूला घ्या. पोचा निघतो, घोटा मोडला तर पावसाळा जातो.

आता सरावाचं. घरासमोर मातीचं अंगण असेल तर उत्तम. जुनी गादी किंवा दोन जुने टायर टाका, कोणाला तरी बरोबर घ्या, आणि दोघांनी मिळून गाडी हळूच उजव्या अंगावर झोपवा. आधी स्टँड, गिअर, मग पाठ लावून उचला. पहिल्या दिवशी तीनदाच. पुढच्या रविवारी डावीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या दुखल्या तर समजा बरोबर जमतंय. कंबर दुखली तर तुम्ही कुठंतरी अजून हातानं ओढताय. मग कोणाला तरी बाजूनं व्हिडिओ काढायला सांगा आणि तुमची पाठ कधी गोल होते ते बघा.